चार गाईंचा कोठा, कळमेश्वर तालुका, जि. नागपूर: प्रकल्प नोंदी

तीन एकर जागा, जमीन भर काळी, दोन एकर ओलीत, विहीर एक. कोठा सहा गाईंचा बांधायचा, सुरुवात चार गाईंनी करायची. क्रम ठरलेला आहे: आधी जमीन आणि छत, मग चारा, शेवटी गाय. बहुतेक ठिकाणी हे उलटे होते. कर्ज मंजूर झाले की गाय दारात येते आणि तिच्यामागून तणस-कुटाराची शोधाशोध सुरू होते.

१८ एप्रिल

आखणी झाली. लांबी ३४ फूट, पूर्व-पश्चिम. रुंदी २० फूट. एका रांगेत सहा गाई, प्रत्येकीला ४ फूट. उरलेल्या १० फुटांत वासरांचा कप्पा आणि ढेपेची खोली. रुंदीचा हिशेब असा: चारा टाकायची वाट ४ फूट, गव्हाण अडीच, गाय उभी राहायची जागा ६, मोरी १, मागची वाट साडेचार. बाकीचे २ फूट कठड्यात आणि भिंतीत जातात. उत्तरेला मोकळे आवार, गाईमागे ८० चौरस फूट धरून. दिवसभर दाव्याला बांधलेली गाय माजावर आलेली कळत नाही, म्हणून आवाराची जागा कापायची नाही.

छताची कड १० फुटांवर. मिस्त्री ८ फुटांवर अडले होते आणि त्याचे कारण पाइपात आहे: २० फुटी पाइपाचे दोन तुकडे केले की २ फूट जमिनीत आणि ८ वर, काहीच वाया जात नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात ८ फुटांवरचा टिनपत्रा गाईच्या पाठीवर तव्यासारखा तापतो. २४ फुटी पाइप मागवून दोन तुकडे केले. वाढीव खर्च एकदाच लागतो.

काळी माती २ फूट उपसली. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतले तर दुसऱ्या वर्षी फरशी दुभंगते. अडीच फूट मुरूम भरायचा म्हणजे १७ ब्रास (एक ब्रास १०० घनफूट), दाबून बसणारा धरून २१ ब्रास सांगितला.

४ मे

मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, दर थरावर पाणी मारून धुमसाने ठोकला. त्यावर ६ इंच दगडी सोलिंग आणि ४ इंच काँक्रीट, १:२:४ (सिमेंट, रेती, गिट्टी). उतार गव्हाणीकडून मोरीकडे ६ फुटांत दीड इंच. याहून जास्त देऊ नये. शेवटच्या महिन्यातल्या गाभण गाईचा भार मागे येतो आणि बसल्या जागी अंग बाहेर पडायची भीती वाढते. मोरी अडीच इंच खोल, तळ गोल, ३४ फुटांत ४ इंच उतार.

वरून गुळगुळीत घोटाई करू दिली नाही. काँक्रीट ओले असतानाच अर्ध्या इंची पाइप दाबून आडव्या रेघा काढल्या, दर ४ इंचांवर. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकले की जड गाय पुन्हा उभी राहीलच असे नाही.

१४ मे

दहा दिवस पाणी मारल्यावर बादलीची परीक्षा: गव्हाणीजवळ २० लिटर पाणी ओतून ते मोरीत जाते का पाहायचे. पाच जागा पास. तिसऱ्या जागेत हातभर डबके राहिले. खोदून पाहिले तर शेजारच्या खांबाचा खड्डा भरताना मुरूम नुसता फावड्याने ढकललेला, ठोकलेलाच नाही. ३ बाय ४ फुटांचा तुकडा फोडून परत केला. आज एक दिवस गेला. गाय आल्यावर हेच डबके मुताचे झाले असते आणि खूर व कास दोन्ही त्यात भिजले असते.

गव्हाणीची गाईकडची भिंत २० इंच, तळ फरशीपेक्षा ४ इंच वर, आतले कोपरे गोल. चौकोनी कोपऱ्यात ढेप साचून आंबते.

१६ जून

मृगाचा पाऊस बरा झाला. अर्धा एकर संकरित नेपियर (कापून परत फुटणारे उंच चाऱ्याचे गवत) लावला, डीएचएन-६ आणि फुले जयवंत या जाती निम्मे निम्मे. अंतर ३ बाय २ फूट, म्हणजे ३,६३० ठोंब. मर धरून ३,८०० बेणे आणले. दोन डोळ्यांचे बेणे, एक डोळा मातीत, एक वर, थोडे तिरपे. काळ्या जमिनीत सपाट लावले तर आठ दिवसांच्या झडीत बेणे कुजते, म्हणून सऱ्या पाडून वरंब्याच्या बगलेत लावले आणि खालच्या धुऱ्याला (बांधाला) चर काढून दिला. शेणखत ५ टन आधीच मिसळलेले.

चाऱ्याचे गणित कोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे. चार गाई आणि वासरे मिळून दिवसाला १०० किलो हिरवा, वर्षाला साडेछत्तीस टन. अर्ध्या एकरातून पहिल्या वर्षी २५ टनच धरायचे; बेणे विकणारे सांगतात ते आकडे तिसऱ्या वर्षाचे आणि उत्तम ओलिताचे असतात. उरलेली भर मक्याचा मुरघास (हवाबंद करून आंबवलेली हिरवी कुट्टी) आणि बरसीम (हिवाळी हिरवा चारा) भरून काढतील.

१८ जुलै

नेपियरमध्ये ३१० ठोंब मेले, बहुतेक खालच्या धुऱ्याजवळ. रिकाम्या जागी नवे बेणे लावून सांधणी केली. अर्धा एकर मका आज पेरला, आफ्रिकन टॉल, १५ किलो बियाणे. जूनमध्ये पेरला असता तर कापणी सप्टेंबरच्या पावसात आली असती आणि ओल्या मक्याचा मुरघास सडतो. ८० दिवस मोजून मुद्दाम उशिरा घेतला.

९ ऑगस्ट

मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी. पानावर ओळीने भोके आणि पोंग्यात ओला भुसा दिसला की समजावे. हे गाईच्या तोंडी जाणारे पीक, म्हणून ५ टक्के निंबोळी अर्क फवारला आणि जास्त लागलेल्या झाडांच्या पोंग्यात बारीक रेती व चुना, ९ ला १, चिमटीने टाकला.

२९ ऑगस्ट

नेपियरची पहिली कापणी, ७४ व्या दिवशी, जमिनीपासून ५ इंच वर. पुढच्या कापण्या ४५ दिवसांनी आणि दर कापणीनंतर १५ किलो युरिया. गाई अजून नाहीत. चारा शेजारच्या कोठ्याला दिला आणि बदल्यात दोन ट्रॉल्या शेणखत घेतले.

६ ऑक्टोबर

मुरघासाचा दिवस. दाणा नखाने दाबला की दूध कमी, पीठ जास्त, मका तयार. कुट्टी मुठीत घट्ट दाबून सोडली: गोळा हळूहळू उमलतो, तळहात ओलसर होतो पण थेंब गळत नाही. थेंब गळला तर एक दिवस सुकवावे. गोळा लगेच विस्कटला तर मका जास्त वाळला, तो दाबून बसत नाही आणि आत हवा राहते.

खड्डा करायचा की पिशव्या, यावर सगळ्यात जास्त खल झाला. ८ टनांसाठी १६ बाय साडेसहा बाय ५ फुटांचा बांधीव खड्डा पुरतो आणि टनामागे स्वस्त पडतो. पण उघडलेल्या तोंडावरून रोज निदान ४ इंच मुरघास निघाला पाहिजे, नाहीतर हवा लागलेला भाग तापतो आणि बुरशी धरतो. साडेसहा बाय ५ फुटांच्या तोंडावरून ४ इंच म्हणजे रोज जवळपास १७० किलो. इथली गरज ५० ते ६०. म्हणजे गाईंनी खाण्याआधी बुरशी खाणार. दहा गाईंच्या आतल्या कोठ्यावर खड्डे फसतात त्याचे कारण हे एवढेच आहे; दोष मात्र मक्याला किंवा गुळाला दिला जातो.

म्हणून ५०० किलोच्या १४ पिशव्या आणि ५० किलोच्या २०. मोठी पिशवी आठ-दहा दिवसांत संपते. कुट्टी पाऊण इंचाची, दर अर्ध्या फुटाला पायाने तुडवून, पिशवीच्या कडेने आधी आणि मध्ये नंतर. तोंड पिळून बांधले, वर रेतीची पोती. ४५ दिवस उघडायच्या नाहीत. घुशी हीच खरी भीती: खाली विटांचा ओटा, भिंतीपासून दोन फूट अंतर, म्हणजे मागून फिरून पाहता येते. दिसलेले भोक त्याच दिवशी चिकटपट्टीने बंद.

८ नोव्हेंबर

पाव एकर बरसीम, ३ किलो बियाणे, जिवाणू संवर्धक लावून.

सोयाबीनचे कुटार थ्रेशरवरूनच उचलले. पावसात भिजून वाळलेला ढीग स्वस्त मिळत होता, घेतला नाही. आत हात घातला तर गरम आणि कुबट. कुटार एकट्याने देत नाही, निम्मा ज्वारीचा कडबा मिसळायचा. मौदा-रामटेककडची धानाची तणस फक्त बिछान्यासाठी. तिने पोट भरते, दूध वाढत नाही.

खुराक घरीच: १०० किलोत मका भरडा ३२, सरकी ढेप २५, गव्हाचा कोंडा १८, तूर चुनी १२, सोयाबीन पेंड १०, खनिज मिश्रण २, मीठ १. ढेप फोडून पाहूनच घ्यावी. आत हिरवी-काळी छटा किंवा जाळे दिसले तर पूर्ण पोते परत. लहान वासरांना सरकी ढेप देऊ नये, तिच्यातले गॉसिपॉल त्यांना बाधते. नेपियरमधल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडकते, त्यामुळे हिरवा भरपूर असला तरी खनिज मिश्रण बंद करायचे नाही.

२१ नोव्हेंबर

पहिल्या दोन गाई. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, विदेशी रक्त ५० टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या वेताच्या, विऊन तीन आठवडे. याहून जास्त रक्ताची गाय हिवाळ्यात डोळे दिपवते आणि मे महिन्यात तोंड उघडून उभी राहते. गवळाऊ ही इकडची देखणी, काटक जात. पण ती मुख्यतः ओढकामाची, रोजच्या डेअरीचे गणित तिच्यावर बसत नाही.

खरेदीची रीत: पहिली धार समोर काढायला लावायची आणि मोजायची नाही. विकायच्या आदल्या वेळेला धार चुकवून कास तुंबवतात. पहिल्या मापात तेच दूध येते. पुढच्या सकाळ-संध्याकाळच्या दोन धारा मोजायच्या. एका गाईचे १४ लिटर सांगितले होते, भरले ११.२. भाव त्यावर ठरला. चारही सडांचे दूध वेगवेगळे काढून त्यात तेवढेच धुण्याच्या पावडरचे पाणी मिसळले, अर्ध्या लिटरला सहा चमचे: दूध घट्ट, चिकट झाले तर सुप्त कासदाह. तिसरी बघितलेली गाय याच चाचणीत गेली. बाहेरून कास लोण्यासारखी होती. दात सहा, म्हणजे वय साडेतीनच्या पुढे. ब्रुसेलाचा (गर्भपात घडवणारा संसर्गजन्य रोग) रक्त अहवाल आल्यावरच पैसे. कानातल्या बिल्ल्याचे १२ आकडे कागदाशी ताडून मालकीबदल पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंदवून घेतला.

दोघी २१ दिवस आवाराच्या टोकाला वेगळ्या. आधीच्या मालकाकडून आठ दिवसांचा त्याच्या ढेपेचा पुरवठा सोबत घेतला. खुराक एका दिवसात बदलला तर पोट बिघडते.

३ डिसेंबर

एका गाईला १०५ ताप, खाणे निम्मे, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली. कासेच्या मागे गोचीड. रक्ताच्या काचपट्टीत थायलेरिया (गोचिडातून येणारा रक्तातला परजीवी) निघाला. डॉक्टरांनी त्यावरचे औषध बुपार्व्हाक्वोन दिले, २० किलो वजनाला १ मिलि, ४०० किलोसाठी २० मिलि. दोन दिवसांत ताप उतरला, दूध आठवडाभर अर्ध्यावर. वेगळे ठेवल्याचा उपयोग झाला, गोचीड मुख्य कोठ्यात गेले नाहीत. तरी भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या आणि अमिट्राझ हे गोचीडनाशक, लिटरला २ मिलि, गव्हाण झाकून कोपऱ्यांत फवारले. गोचीड अंडी गाईवर घालत नाही, फटीत घालते. नुसती गाय धुऊन ते संपत नाहीत. १५ दिवसांनी परत फवारणी.

डॉक्टर मिळाले नाहीत तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन. हा आकडा दारावर रंगवला.

१६ जानेवारी

दुसरी जोडी डिसेंबरमध्ये आठव्या महिन्याची गाभण घेतली होती, म्हणजे चारही गाई एकदम आटणार नाहीत. त्यातली एक पहाटे व्याली, कालवड, २७ किलो. नाळ दोन इंच ठेवून कापली, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली. पहिला चीक तासाभरात, दिवसभरात मिळून २.७ लिटर, वजनाचा दहावा हिस्सा. जार पडायची वाट पाहत चीक थांबवायची पद्धत अजून आहे; त्या तासांत वासराच्या आतड्याची चिकातली प्रतिकारशक्ती शोषायची ताकद कमी होत जाते. खरवस नंतरही होतो.

संध्याकाळी गाय मान पोटाकडे वळवून बसली, कान थंड. कॅल्शियम कमी. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू दिले, पाऊण तासात उठली.

१२ फेब्रुवारी

संकलनाच्या पावतीवर फॅट आठ दिवसांत ३.९ वरून ३.२. भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बांधलेला, म्हणजे रोज कात्री.

एकाच गाईचे सकाळचे दूध तीन भांड्यांत घेतले. पहिला अर्धा लिटर १.३, मधला ३.४, शेवटचा ७.१. मग धार काढणाऱ्याने हात पुसल्यावर परत कासेला हात घातला. ६०० मिलि दूध अजून निघाले. फॅट सगळ्यात शेवटी उतरते आणि तेच कासेत राहत होते. हिशेब केला: साडेसहा लिटर ३.२ ने म्हणजे २०८ ग्रॅम, राहिलेले ६०० मिलि ७ ने म्हणजे ४२ ग्रॅम. मिळून ७.१ लिटरला साडेतीन. घट निम्मी इथली.

उरलेली निम्मी गव्हाणीत सापडली. बरसीम जोरात आल्याने कुटार-कडबा ५ किलोवरून ३ वर आणलेला, आणि कुट्टी पाव इंचाची, पिठासारखी. रवंथ कमी, फॅट कमी. कडबा परत ५ किलो, कुट्टी एक इंच, बरसीम चार तास सुकवून आणि कोरड्या चाऱ्यानंतरच. ओला बरसीम उपाशी पोटी दिला तर पोट फुगते. धार मुठीने, अंगठा मुडपून नाही, आणि पान्हा सुटल्यापासून सात मिनिटांत पूर्ण.

२२ फेब्रुवारी

फॅट ३.८. खुराक यापुढे दर गाईच्या दुधावर: दीड किलो शरीराला, लिटरमागे ४०० ग्रॅम. १२ लिटरच्या गाईला ६.३ किलो. सगळ्यांना सारखे एक टोपले ही पद्धत बंद.

२ एप्रिल

उन्हाळ्याची तयारी. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेलाच उष्णता-आर्द्रतेचा निर्देशांक ७२, म्हणजे संकरित गाईच्या ताणाची सुरुवात, गाठतो. ४३ अंशांना हवा कोरडी असली तरी तो ८६ च्या वर. पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात, त्यावर तणसाचा ५ इंच थर, जाळीने बांधून. वेल्डिंगचे काम आधी उरकले, नंतर त्या छतावर ठिणगी नको. पश्चिमेला हिरवी जाळी, छतापासून फूटभर अंतर सोडून, म्हणजे हवा कोंडत नाही. पाण्याची काळी टाकी छताखाली हलवली. उन्हातल्या टाकीचे दुपारचे पाणी गाय तोंड लावून सोडते आणि या दिवसांत तिला १०० लिटर लागते. टाके दर पंधरा दिवसांनी घासून चुना.

फवारे आणि दोन पंखे, घड्याळी बटणावर: दीड मिनिट पाणी, तेरा मिनिटे नुसता वारा. गाईला थंडावा पाणी अंगावरून उडून जाताना मिळतो. सतत फवारा सोडला तर फरशी ओली, कासदाह हजर. खुराकाचा दोन तृतीयांश भाग पहाटे ५ आणि रात्री ९ ला.

१२ मे

घटसर्प आणि फऱ्याची लस. लाळ्या-खुरकुताची लस मार्चमध्ये झाली आहे. दुसऱ्या जोडीतल्या दोन गाई रात्रीच माज दाखवतात, दुपारी लक्षणे दबतात. रात्री ११ ची फेरी सुरू. रात्री माजावर दिसली तर सकाळी भरवायची, म्हणजे गाभण करून घ्यायची; सकाळी दिसली तर संध्याकाळी.

२६ मे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. याच आठवड्यात नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी सावली फक्त छताच्या खालीच. अडीच वाजता बरगडीच्या हालचाली मोजल्या: फवारा बंद असताना मिनिटाला ८६, अर्ध्या तासाने चालू असताना ६४. चार गाईंचे मिळून दूध फेब्रुवारीत ४५ लिटर होते, आज ३७. त्यातला काही भाग विऊन जास्त दिवस झाल्याने आपोआप उतरलेला. मुरघासाच्या पाच मोठ्या पिशव्या शिल्लक. लहान वीसपैकी तीन घुशींनी फोडल्या, बुरशी लागलेले ७० किलो उकिरड्यावर.

११ जून

पहिली सर. हवा दमट झाली, फवारे आज बंद केले. आता अंग ओले राहते, सुकत नाही. पंखे दिवसभर. खूर धुवायला दारात ५ टक्के मोरचुदाचे पाणी. नोव्हेंबरच्या दोन्ही गाई तपासल्या: एक तीन महिन्यांची गाभण, दुसरी रिकामी, तिचा पुढचा माज आधीच्या माजापासून २१ दिवसांनी, म्हणजे २४ जूनच्या आसपास पाहायचा. नेपियरचे मेलेले ठोंब मोजायला घेतले आहेत, बेणे यंदा घरचेच निघेल.